सांगितलं जायचं

लातुरात त्या दिवशी सकाळी नऊ वाजून काही मिनिटांनी जमीन हलली. फार नाही. चहाच्या बशा वाजल्या, भिंतीवरचं कॅलेंडर झुललं आणि पाच-सहा सेकंदांत सगळं गपगार झालं. दुसऱ्या एखाद्या शहरात लोकांनी "ट्रक गेला वाटतं" म्हणून पुढचा घोट घेतला असता. लातूरचं तसं नाही. इथल्या तिशीच्या पुढच्या माणसाला जमिनीचा स्वभाव सांगावा लागत नाही. अर्ध्या मिनिटात अख्खी गल्ली रस्त्यावर आली, आणि साडेनऊपासून तय्यबसाहेबांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

बारावा की तेरावा फोन हणमंतरावांचा होता.

"साहेब, गाडी पाठवून राहिलो. पोरी जिन्यात बसून रडून राहिल्यात, वर खोल्यांत जायला तयार न्हाईत. तुमी फक्त पाच मिनटं या अन् सांगा, काही होणार न्हाई म्हणून. तुमचं ऐकतात."

हणमंतरावांची पूर्वी डाळ मिल होती. क्लासेसचं पीक जोरात आल्यावर त्यांनी मिल बंद केली आणि त्याच जागेवर मुलींचं होस्टेल बांधलं. नांदेड, उमरी, परभणी, कुठून कुठून दोनशे मुली तिथं राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते. लातुरात एप्रिल महिन्यात एकोणीस दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या घरात बारावी झाली त्यालाच कळेल.

आणि "तुमचं ऐकतात" हेही खोटं नव्हतं. तय्यब मेमार, पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता, हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसे, पण 'पापडवाले साहेब' म्हटलं की कंधारपासून निलंग्यापर्यंत लोक मान डोलवत. नवीन पिढीला ह्या नावामागचं कारण माहीत नव्हतं. काहींना तर खुशाल वाटायचं की साहेबांच्या बेगमचा पापडाचा गृहउद्योग आहे. साहेब ती समजूत दुरुस्त करत नसत. उभा जन्म लोकांच्या समजुती दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस, ह्या एका समजुतीला मात्र हात लावत नसे.

होस्टेलवर पोचल्यावर साहेब जिन्याकडे गेलेच नाहीत. ते खाली पार्किंगमध्ये गेले. खालचा मजला मोकळा, नुसते खांब, त्यांत दाटीवाटीनं लावलेल्या स्कूट्या. कोपऱ्यातल्या खांबापाशी ते थांबले. खांबाच्या माथ्याला तिरकी चीर गेली होती. चीर जुनी असती तर तिच्यात धूळ, जाळी असती. ही कोरी होती, आणि तिच्यातून गळालेला गिलाव्याचा भुगा खालच्या स्कूटीच्या सीटवर ताजा पडला होता. साहेबांनी त्यावर बोट फिरवलं.

"किती मजल्यांची परवानगी?" त्यांनी मागोमाग आलेल्या हणमंतरावांना विचारलं.

"तीन. चौथा मागनं चढवला. सगळेच चढवतात की, साहेब."

मग ते मागच्या लोखंडी जिन्यानं गच्चीवर गेले. आदल्या वर्षी लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. ती धास्ती घेतलेल्या हणमंतरावांनी गच्चीवर टाक्यांची रांगच लावून टाकली होती. पाच हजार लिटरची एक, अशा चौदा, सगळ्या काठोकाठ. साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. सत्तर टन. भरलेले सात ट्रक उभे केल्यासारखं वजन, खाली नुसते खांब, आणि मधे दोनशे मुली.

"टाक्या रिकाम्या करा," ते म्हणाले. "मुलींना हलवा. चार-आठ दिवसांत तपासणी करून घेऊ."

हणमंतरावांचा चेहरा उतरला. "साहेब, हलवायच्या म्हणजे आई-बाप येऊन घरी घेऊन जाणार. अन् एकदा गावाकडं नेलेली पोरगी परत येती का? निम्म्यांची लग्नं लावून मोकळे होतील. माझी भार्गवी दुसऱ्या मजल्यावर राहती. घरी एसी हाय तरी इथं राहती, अभ्यास होतो म्हणून. मी येडा हाय का पोटच्या पोरीला पडक्या इमारतीत ठेवायला? पाच वाजता सगळ्यांना गोदामात बसवतो. तुमी तुमचं भूकंपाचं भाषण द्या, अन् शेवटाला एवढंच म्हणा, काही होणार न्हाई. बस्स."

हा माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

साहेब घरी आले. रईसाबेगमनं जेवण वाढलं, पण घास उतरेना. बेगम उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, नवऱ्याची नाडी ओळखणाऱ्या. त्यांनी ताट झाकून ठेवलं.

तय्यबसाहेबांचे वडील कंधारचे. मेमार म्हणजे गवंडी. बापाच्या हाताखाली दगड रचता रचता पोरगा शिकला, औरंगाबादला इंजिनीअर झाला, आणि नोकरीला लागल्यावर त्याला एक नाद लागला. सुट्टी आली की खांद्याला पिशवी, आणि एस.टी.नं कुठल्यातरी खेड्यात. चावडीपुढं उभं राहून लोकांना ग्रहण समजावून सांगायचं. भानामतीचे प्रकार स्वतः करून दाखवायचे आणि मग त्यामागची हातचलाखी उघडी करायची. ऑफिसातले म्हणत, "मेमार, सरकार पगार कालव्याचा देतं, ग्रहणाचा नाही." पण बोलणं असं खुसखुशीत, की माणसं कामधाम सोडून येत.

त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग पापडाचा. त्या काळी खेडोपाडी माळवदाची घरं. जाड दगडी भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं छत. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा नवीन थर द्यायचा. आजोबांनी दिलेल्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर मुलाचा. पण गावांत लोखंडी पत्रा शिरायला लागला होता, आणि पत्रा घालणं प्रतिष्ठेचं झालं होतं. साहेब भर दुपारी चैत्रात पत्र्याचा तुकडा उन्हात ठेवत आणि त्यावर तेल लावून पापड टाकत. पापड कुरकुरायला लागला की हशा पिके. मग ते एक थर्मामीटर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत, एक माळवदाच्या घरात. दोन्ही बाहेर आणून आकडे वाचून दाखवत. "पत्र्याखाली राहाल तर तुमचाच पापड होईल," ते म्हणत. "माती जितकी जाड, तितकं घर थंड. बापजाद्यांनी सांगितलंय ते विज्ञानच आहे. घाला आणखी एक थर!"

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आकडे खरे, थर्मामीटर खरा, पापडही खरा.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. दहाव्या दिवशी साहेबांना पडलेल्या घरांचे पंचनामे करायला पाठवलं. मुगळेवाडीला ते पोचले तेव्हा गाव असं नव्हतंच, दगडमातीचे ढीग होते. एका ढिगाशेजारी गोठा तेवढा धडधाकट उभा होता. त्यावर हिरवे पत्रे. खाली दोन बैल रवंथ करत होते, आणि त्यांच्या पुढ्यात एक बाई बसली होती. सिद्धम्मा.

साहेबांनी फॉर्म काढला आणि छापील प्रश्न विचारायला सुरुवात केली. छताची जाडी किती?

"अडीच हात," ती म्हणाली. मग तिनं वर बघितलं. "तुमी पापडवाले साहेब न्हवं?"

साहेबांनी मान हलवली.

"हे पत्रे घरावर घालायला आणले होते. लातूरहून. तुमी येऊन गेल्यावर आमचे मालक म्हणले, न्हाई, घरावर नको, पोरी भाजून निघत्याल. गोठ्यावर घालू, जनावराला काय कळतंय ऊन. अन् घरावर दोघांनी मिळून एक थर वाढवला. पोरींनीच टोपल्या दिल्या वर."

नवरा आणि दोन पोरी, तिघांची प्रेतं त्या ढिगाखालून काढली होती. बैलांना ओरखडा नव्हता.

साहेब लिहिलेला आकडाच पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. सिद्धम्माला वाटलं, ह्या माणसाला बरं वाटावं असं आपण काहीतरी बोलायला हवं. ती म्हणाली, "तुमी सांगितलं ते खरं होतं, साहेब. लई थंड होतं घर."

तिनं शिव्या घातल्या असत्या, माती उचलून तोंडावर फेकली असती, तर बरं झालं असतं. साहेबांनी फॉर्मकडे बघितलं. 'घर पडण्याचे कारण' असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'छताचे वजन प्रमाणाबाहेर वाढविण्यात आल्याचे आढळून आले.'

सरकारी मराठीची ही एक मोठी सोय आहे. तिच्यात कुणी काही करत नाही. रस्ता खचतो, फाईल गहाळ होते, वजन वाढविण्यात येतं. करणारा कुठं असतो ते विचारू नये.

पुढं चोवीस वर्षं साहेब भूकंपावर बोलत राहिले. भिंतीला दगडाऐवजी वीट, तिच्यात काँक्रीटचा पट्टा, डोक्यावर हलकं छत. ह्या गावातून त्या गावात, शाळांत, बचतगटांत. क्लासेसचा जमाना आल्यावर तिथंही बोलावणी आली. तिथली पोरं पहिला प्रश्न विचारायची, "सर, हे परीक्षेला येतं का?" आणि येत नाही म्हटल्यावर पेनं खाली ठेवायची. साहेब हसून बोलत राहायचे. प्रत्येक भाषणात माळवदाची गोष्ट येई, आणि ती सांगताना एक ठरलेलं वाक्य येई, "पूर्वी लोकांना असं सांगितलं जायचं, की माती जितकी जाड, तितकं घर चांगलं." पंचनाम्याची मराठी त्यांच्या जिभेवर बसली ती बसलीच.

पाच वाजता गोदाम गच्च भरलं होतं. जुन्या डाळ मिलचं ते गोदाम, होस्टेलपासून पन्नास पावलांवर. मुली सतरंज्यांवर, काहींच्या मांडीवर पुस्तकं तशीच उघडी. पहिल्या रांगेत भार्गवी. बाजूला खुर्चीवर होस्टेलच्या रेक्टर सौदामिनीबाई. उदगीरला तीस वर्षं मराठी शिकवलेल्या, त्यामुळं त्यांना दुकानाची पाटी वाचतानाही लाल पेन आठवे. हणमंतराव दाराशी उभे, घाम पुसत.

साहेब बोलायला उभे राहिले. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. दुपारभर वाटत होतं, धक्का छोटा होता, बहुतेक पुन्हा येणार नाही. चीर गिलाव्याचीच असेल, आतल्या काँक्रीटपर्यंत गेली नसेल. दोनशे मुलींची वर्षं एका 'बहुतेक'साठी पाण्यात घालायची? आणि तीही आपल्या एका शब्दावर? त्यांनी सवयीनं भाषण सुरू केलं. जमिनीखालचे खडक, ताण, लाटा. मुली गप्प होत होत्या. हणमंतरावांचा चेहरा सैल पडायला लागला. आणि ओघात ते वाक्य आलं.

"तर पूर्वी लोकांना असं सांगितलं जायचं..."

"कोण सांगायचं?"

सौदामिनीबाई बोलल्या होत्या. त्या स्वतःच जराशा ओशाळल्या. "माफ करा, साहेब. तुमचं भाषण मी तिसऱ्यांदा ऐकतेय. दर वेळी हे वाक्य खटकतं. सांगितलं जायचं, सांगितलं जायचं. कर्ता कुठंय त्यात? कुणीतरी सांगत असेल ना?"

बिचाऱ्या बाईंनी नुसतं व्याकरण विचारलं होतं.

समोरच्या दोनशे चेहऱ्यांत टोपल्या उचलून देणाऱ्या दोन मुली कुठं बसल्या असत्या, हे साहेब नकळत शोधायला लागले.

"मी सांगायचो," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पापड, थर्मामीटर, हिरवे पत्रे, अडीच हात माती. सिद्धम्माचं नावही सांगितलं. चोवीस वर्षांत हे त्यांनी रईसाबेगमलाही धड सांगितलं नव्हतं. हणमंतराव दारातून दोन पावलं पुढं आले आणि तिथंच थबकले.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली. मनतशा, उमरीची. "सर, ते सगळं झालं. आमी आज इथं वर झोपायचं का न्हाई, तेवढंच सांगा. माझे अब्बू उद्या येऊन नेणार म्हणून राहिलेत. एकदा नेलं की परत धाडणार न्हाईत. तुमी ठीक हाय म्हणलात तर मी त्यांना थांबवते."

ती जवळजवळ विनवत होती. तिला 'हो' पाहिजे होतं. सगळ्यांनाच पाहिजे होतं. आणि 'हो' म्हणणं किती सोपं आहे, टाळ्या किती लगेच पडतात, हे ह्या गोदामात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं.

"न्हाई," साहेब म्हणाले. "झोपायचं न्हाई. त्या इमारतीच्या डोक्यावर सत्तर टन पाणी आहे आणि कोपऱ्यातला खांब चिरलाय. भूकंप येईल असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. पण माझी नात असती तर मी तिला वर जाऊ दिलं नसतं."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. मुली रडायला लागल्या, फोन लागले. हणमंतराव गर्दीतून वाट काढत आले. "बोलायला काय जातंय? लेखी द्या! सहीनिशी लेखी द्या!"

लेखी द्या म्हटलं की आपल्याकडं भले भले अधिकारी पाणी प्यायला जातात. साहेबांनी एका मुलीच्या मांडीवरची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेतली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'मी इमारत पाहिली. मुलींना तिथे ठेवू नये असे मी सांगतो,' आणि खाली सही, तारीख, घरचा पत्ता. कागद हणमंतरावांच्या हातात दिला.

एकदा कागद झाल्यावर हणमंतरावांचा नाइलाज झाला. दिवस मावळायच्या आत मुली मंगल कार्यालयात हलल्या. मनतशाला तिच्या अब्बूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी उमरीला नेलं. ती परीक्षेला बसली की नाही, हे साहेबांना पुढं कितीतरी ठिकाणी विचारूनही कळलं नाही. जमीन पुन्हा हलली नाही. इमारत तशीच उभी राहिली. तपासणीला आलेल्या इंजिनीअरनं खांब कमकुवत आहे, दुरुस्ती करावी, बाकी निश्चित काही सांगता येत नाही, असं मोघम लिहून दिलं. लातुरात साहेबांची टिंगल सुरू झाली. "पापडवाल्यानं भूकंपाचा पापड भाजला, पण फुललाच न्हाई," असं चहाच्या टपरीवर त्यांच्या देखत बोललं गेलं. म्हणजे कोण बोललं तेही साहेबांनी पाहिलं होतं. क्लासेसची बोलावणी बंद झाली.

निकाल जूनच्या अखेरीला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांची स्कूटर साहेबांच्या फाटकाशी थांबली. मागच्या सीटवर भार्गवी होती. हणमंतराव उतरले, पण फाटक उघडलं नाही.

"सहा मार्क," ते म्हणाले. "सहा मार्कांनी सरकारी कॉलेज गेलं. घरी चल म्हणलं तर मैत्रिणींना सोडून येईना, अन् त्या कार्यालयात डास, लग्नाचे बँड, शेजारी आचाऱ्याच्या भट्ट्या. एकोणीस दिवस पोरगी धड झोपली न्हाई. अन् इमारत पडली का? वीट तरी पडली का एक? तुमच्यामुळं गेलं तिचं वर्ष. तुमच्यामुळं!"

रईसाबेगम आतून तावातावानं बाहेर आल्या. साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं.

"हाव," ते म्हणाले. "माझ्यामुळं गेलं."

हणमंतराव भांडायची तयारी करून आले होते. खांबाची गोष्ट निघेल, परवानगीची निघेल, मग आपण असं म्हणू, तसं म्हणू. ह्यातलं काहीच निघालं नाही. ते नुसतेच फाटकाचा दांडा धरून उभे राहिले.

साहेब भार्गवीकडं बघत होते. रडून तिचे डोळे सुजले होते, नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिनं त्यांच्याकडं असा काही जळजळीत राग भरून बघितलं, की तसं आजवर त्यांच्याकडं कुणी बघितलं नव्हतं. साहेबांनी मान खाली घातली नाही.

"बाबा, चला," ती म्हणाली. "मला क्लासला नाव घालायचंय पुन्हा."

स्कूटर सुरू झाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. साहेब फाटकाशीच उभे होते. खांदे हलताना बघून बेगम घाबरून जवळ आल्या, आणि हुंदक्यांतून येणारे शब्द त्यांना दोन-तीनदा ऐकल्यावर कळले.

"अगला साल है ना उसकू," साहेब म्हणत होते. "अगला साल है."